बरोबर वाक्याचं काय करायचं

नुंगंबाक्कम, मद्रास
४ जून १९६२

चिरंजीव सरोजेस मामाचे भरघोस आशीर्वाद.

आधी घरातल्या एकेकाचं सांग, मग बाकीचं. तुझ्या अप्पांचा गुडघा कसा आहे? वैद्याने दिलेलं तेल चोळतात, की बाटली फळीवर ठेवून तिच्याकडे नुसते बघत बसतात? सीतालक्ष्मीचा खोकला उतरला का? माझी बहीण खोकते ते मला तंजावरहून इथपर्यंत ऐकू येतं, असं तिला सांग. जयतीर्थाला तिरुचीच्या होस्टेलातलं जेवण मानवलं, की अजून दर रविवारी पोट धरून घरी येतो? आणि तू? तुझी आई लिहिते की सरोजा जेवायला बसते पण तिचं लक्ष पानात नसतं. आमच्याकडे मामीची दाढ ठणकते आहे. काढून टाक म्हटलं तर म्हणते, इतक्या वर्षांची सोबत आहे, असू दे. मी ठणठणीत.

निकालाचं कळलं. बाकी सगळ्या पेपरांत पास आणि इंग्रजीत गेलीस. तुझ्या अप्पांच्या पत्रावरून एवढंच समजलं की येत्या डिसेंबरात कचेरीतल्या टेंपररी लोकांना सर्व्हिस कमिशनच्या परीक्षेला शेवटचं बसता येईल. जे पास होतील ते कायम, उरलेले घरी. पुढच्या वर्षी तुझं वयही आड येईल. म्हणजे हीच एक संधी. घाबरवायला लिहीत नाही. दोघांनाही एकच गोष्ट माहीत असावी म्हणून लिहिलं.

तुला ठाऊक आहे, मी इंग्रजी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. माउंट रोडवरच्या लिलावघरात सामानाच्या याद्या उतरवून काढता काढता इंग्रजी शिकलो. चाळीस तऱ्हेच्या खुर्च्यांची नावं मला तोंडपाठ होती, पण समोरच्या माणसाला 'कसे आहात' हे कसं विचारायचं ते येत नव्हतं. आमचे मोठे साहेब माझा कागद घ्यायचे आणि चुकेल तिथे तांबडी रेघ ओढून परत टाकायचे. बोलायचे काही नाहीत. त्या रेघांनी मला माणसात आणलं. तोच उपाय तुला करतो. दर आठवड्याला मी चुकीची वाक्यं पाठवीन, तू सुधारून पाठव, मी तांबड्या शाईने तपासून परत पाठवीन. कंटाळा येऊ नये म्हणून वाक्यं आपल्याच घरातली केली आहेत. नमुना घे: 'माय वाइफ डू नॉट लिसन टु मी.' दुसरं: 'द क्रोज इज सिटिंग ऑन अवर वॉल अँड शाउट.' बाकीची सोबतच्या कागदावर.

मामी विचारते, माझं नाव परीक्षेत कशाला?

तुझा
शेषगिरीमामा


तंजावर
१३ जून १९६२

मामा-मामींच्या पायांशी सरोजाचा नमस्कार.

विचारलंत त्या क्रमाने सांगते. अप्पांची तेलाची बाटली अर्धी झाली आहे, पण अम्मा म्हणते, ती मांजराने सांडली. अम्माचा खोकला दिवसा नसतो. जयतीर्थ गेल्या रविवारी आला नाही, म्हणजे एक तर जेवण सुधारलं किंवा पैसे संपले. मी बरी आहे.

वाक्यं सुधारून सोबत ठेवली आहेत. मामींना सांगा, 'डू नॉट'चं 'डज नॉट' केलं आहे. व्याकरण सुधारलं, मामांचं गाऱ्हाणं तसंच राहिलं.

मामा, माझ्या मराठीत चुका असतील, त्या तेवढ्या सुधारू नका. शाळा तमिळमध्ये झाली, कचेरी इंग्रजीत आहे, मराठी फक्त अम्माच्या स्वयंपाकघरात आणि तुमच्या पत्रात.

कचेरीतून टेंपररी माणसाला काढलं की आमच्याकडे 'आउस्ट झाला' म्हणतात. 'फलाणा आउस्ट झाला, त्याची छत्री अजून खुंटीला आहे,' असं सहज बोलतात. मला खिडकीजवळचं टेबल मिळालं आहे. टपालाची आवक-जावक माझ्याकडे आहे. आमचे हेडक्लार्क मानाजीराव कडक आहेत, पण त्यांनी मला कधी 'बाईमाणूस' म्हणून सोपं काम दिलं नाही. तुम्हाला खरं सांगते, घरखर्चाला हातभार हे एक झालंच. पण दहाच्या ठोक्याला छत्री घेऊन बाहेर पडते ना, तेव्हा रस्त्यातले लोक बाजूला होतात, आणि संध्याकाळी अप्पा तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, बसून विचारतात, 'आज काय झालं कचेरीत?' या आधी त्यांनी मला कधी काही विचारल्याचं आठवत नाही. ते मला सोडायचं नाही.

पुढची वाक्यं अवघड पाठवा.

सरोजा


नुंगंबाक्कम, मद्रास
२ जुलै १९६२

चि. सरोजेस आशीर्वाद.

शाब्बास. सगळ्या कागदांवर मिळून माझी तांबडी शाई एवढीशी लागली. या वेळी लांबलचक वाक्यं केली आहेत, एकेका वाक्यात दोन-दोन चुका लपवल्या आहेत. एक पक्कं धर. समोर वाक्य आलं की ते चोर आहे असं समजायचं. खिसे उलटे करून बघायचे. केसांतून बारीक फणी फिरवताना बाई कशी बघते, तशी नजर पाहिजे. काही सापडलं नाही तर समजायचं, आपण नीट बघितलं नाही.

वरच्या मजल्यावरच्या विजयकुमाराला तुझे कागद दाखवले. तो बँकेत आहे, पदवीधर आहे. त्याने एक वाक्य सुधारताना डोकं खाजवलं. मामीने मला हसताना पाहिलं आणि आत बोलावून चांगली समज दिली.

अप्पांना विचार, मांजर कुठल्या गुडघ्याला तेल लावतं.

मामा


तंजावर
१९ ऑगस्ट १९६२

मामा-मामींना नमस्कार.

उशीर झाला, क्षमा करा. आडी महिन्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टात, कावेरीला पाणी चढतं आणि कचेरीत काठच्या गावांची टपालं फार येतात. तुमची लांब वाक्यं मला आता सोपी वाटतात. खरं म्हणजे कुठलंही वाक्य आता मला साधं वाचताच येत नाही. टॉकीजबाहेरच्या पाटीत तीन चुका आहेत. पोस्टातल्या सूचनेत एक. जयतीर्थाने मित्राला लिहिलेलं इंग्रजी पत्र टेबलावर पडलं होतं, ते मी पेन्सिलीने सुधारून ठेवलं. तो म्हणाला, 'अक्का, ते पत्र होतं, पेपर नव्हता.' आता तो पत्रं उशीखाली ठेवतो. अम्माने कुणाकडून तरी इंग्रजीत पत्ता लिहून घेतला, त्यातही मी स्वल्पविराम घातला.

आणि ऐका. मानाजीरावांचा एक मसुदा टाइप व्हायला माझ्या टेबलावरून चालला होता. एका म्हातारीच्या अर्जाला उत्तर होतं. त्यात एका ओळीत तेच तेच शब्द दोनदा आले होते. मी दुसरे काढले. मानाजीराव त्या दिवशी दौऱ्यावर होते, म्हणून विचारता आलं नाही. सुधारून पाठवलं. टायपिस्ट सुद्धा म्हणाला, 'आता वाचायला बरं वाटतं.'

माझी नजर तयार होते आहे ना मामा?

सरोजा


नुंगंबाक्कम, मद्रास
२५ ऑगस्ट १९६२

चि. सरोजे,

पत्र वाचून ऊर भरून आला. हेडक्लार्कच्या मसुद्यातली चूक हेरलीस म्हणजे कमिशनचा पेपर तुझ्या हातचा मळ. मानाजीरावांच्या कपाळाला आठी पडली तर पडू दे. आठ्या इस्त्रीशिवाय उलगडतात. मी हे पत्र सगळ्या बिऱ्हाडांना वाचून दाखवलं. शेवटी मामीकडे वळलो. विचारलं तर म्हणाली, 'त्या म्हातारीचं काय झालं ते नाही लिहिलं पोरीने.' मी म्हटलं, अगं, विषय इंग्रजीचा आहे.

सोबत शंभर वाक्यं आहेत. थकू नको.

मामा


नुंगंबाक्कम, मद्रास
१ ऑक्टोबर १९६२

चि. सरोजे,

महिना उलटला, तुझी शंभर वाक्यं आली नाहीत आणि पत्रही नाही. सीतालक्ष्मीने कार्डावर एवढंच लिहिलं की पोरगी आल्या आल्या झोपते, सकाळी उठते आणि कुणाशी बोलत नाही. अप्पांच्या गुडघ्याचं तिने काही लिहिलं नाही, म्हणजे घरात काहीतरी गुडघ्याहून मोठं झालं आहे. चार ओळी लिही. वाक्यं नको पाठवू.

मामा


तंजावर
९ ऑक्टोबर १९६२

मामांना नमस्कार.

तुमची शंभर वाक्यं मी उघडलीच नाहीत.

त्या मसुद्याचं सांगते. म्हातारीचा नवरा वारला. जमिनीचा पट्टा, म्हणजे मालकीचा सरकारी कागद, तिच्या नावावर व्हायचा होता. मानाजीरावांनी लिहिलं होतं, मूळ खरेदीखत घेऊन या किंवा खरेदीखताची सही-शिक्क्याची नक्कल घेऊन या. मला 'खरेदीखत' दोनदा दिसलं. मी म्हटलं, एकच गोष्ट दोनदा कशाला, आणि 'किंवा'पासून पुढचं सगळं काढून टाकलं. म्हातारीजवळ नक्कल होती, मूळ कागद नव्हता. तिला कुणीतरी पत्र वाचून दाखवलं आणि ती मूळ कागद शोधत भावाकडे मायावरमला गेली, तिथून चुलतभावाकडे. कागद कुठेच नव्हता. मुदत संपली. दिराने आक्षेपाचा अर्ज टाकला. मग ती रडत कचेरीत आली, आणि वरच्या साहेबांनी मानाजीरावांना बोलावून विचारलं.

मसुद्यावरची खोडाखोड माझ्या हातची होती. मानाजीराव म्हणाले, 'मसुदा माझा आहे.' एवढंच. बाहेर येऊन माझ्या टेबलाजवळ थांबले. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी हळू विचारलं, 'बाई, माझं वाक्य बरोबर होतं. तुम्हाला बरोबर दिसत नाही का?'

मामा, मला दिसत नाही. घरी येऊन मागच्या वर्षीचा पेपर काढला. त्यावर वर लिहिलं आहे, खालील वाक्यं गरज असेल तिथे सुधारा. मी तेव्हा सगळीच सुधारली होती. वीसच्या वीस. आता वाचून बघते तर त्यातली निम्मी, देवाशप्पथ सांगते, चांगली होती. तुम्ही एवढी वाक्यं पाठवलीत, त्यांत बरोबर असलेलं एकही नव्हतं. बरोबर वाक्याचं काय करायचं, हे मला कुणी सांगितलंच नाही.

परीक्षेचा अर्ज हेडक्लार्कच्या शिफारशीने वर जातो. मी तो त्यांच्या टेबलावर ठेवला होता. आता त्यांच्याकडे बघण्याची हिंमत नाही. वाटतं, स्वतःच राजीनाम्याचा कागद देऊन मोकळं व्हावं. आउस्ट व्हायची वाट कशाला बघायची?

सरोजा


नुंगंबाक्कम, मद्रास
१४ ऑक्टोबर १९६२

माझ्या बाळे,

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. ऐकून ती उठली, आत जाऊन तांदळाचं सूप घेऊन आली आणि माझ्यासमोर निवडायला बसली. मी म्हटलं, बोल काहीतरी. ती म्हणाली, 'काय बोलू? मी खडे बाहेर टाकते. तुम्ही पोरीला सांगितलंत, सूपच उलटं कर.'

ती म्हणाली ते खरं आहे. आमचे साहेब कागदावर तांबडं ओढायचे, आणि जे सोडायचे त्यावर काही खूण नसायची. मला वाटायचं, शिकवणं म्हणजे ते तांबडं. कोऱ्या राहिलेल्या ओळींनीही ते काही सांगत होते, इकडे माझं ध्यानच गेलं नाही, आणि तुझ्यापर्यंत मी फक्त अर्धं पोचवलं. पेपरवरचा तो मथळा मी तुझ्याकडून कधी मागून घेतला नाही. हे मी तुझ्या समाधानासाठी लिहीत नाही. काम पुढे न्यायचं तर गाडी कुठे रुतली ते दोघांना दिसलं पाहिजे.

आता ऐक. नोकरी सोडण्याचा कागद लिहिला असशील तर तो बंबात घाल. अम्माला अंघोळीचं पाणी तरी तापवता येईल. मानाजीरावांकडे स्वतः जा. चिठ्ठी पाठवू नको, कचेरीत गाठू नको, घरी जा. अर्जाचं विचारायचं की नाही ते तिथे गेल्यावर कळेल. म्हातारीचं आधी विचार. मामीने ऑगस्टातच विचारलं होतं, मी ऐकलं नाही.

सोबत वाक्यं आहेत. या वेळी त्यांत धडधाकट वाक्यंही आहेत. किती ते सांगत नाही. जे बरोबर वाटेल त्याच्यापुढे 'ठीक' लिही आणि हात मागे घे. मीही तपासताना तुझ्या प्रत्येक 'ठीक'पुढे तांबड्या शाईने 'ठीक' लिहिणार आहे. विजयकुमाराला बसवून ही वाक्यं आधी त्याच्याकडून पडताळून घेतली. त्याने माझीही दोन सुधारली. बरं झालं, पोरगा चांगला आहे.

अप्पांना एवढंच सांग की शेषगिरी म्हणतो, पोरगी परीक्षेला बसणार.

मामा


तंजावर
६ नोव्हेंबर १९६२

मामा-मामींना नमस्कार.

मी रविवारी मानाजीरावांच्या घरी गेले. ते अंगणात आरामखुर्चीत पेपर वाचत होते. मला बघून म्हणाले, 'या बाई. काही सुधारायला आणलंत का? आज आमच्या चुकांना सुट्टी आहे.'

मी म्हटलं, 'माफी मागायला आले.'

'कुणाची?'

'तुमची.'

'माझं काय? मला दोन ओळींचा मेमो आला, तो फाइलला लागला, फाइल कपाटात गेली. माफी तिची मागा, जिला गावोगाव फिरावं लागलं.' मग आत हाक मारली, 'कॉफी आण गं, आमच्या कचेरीतल्या परीक्षक आल्यात.' मला धरणी दुभंगावी असं झालं, पण त्यांच्या बायको हसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, 'यांच्या बोलण्याला मनात बसायची जागा देऊ नकोस. तू बस.'

मी म्हातारीचा पत्ता विचारला. पुढच्या शनिवारी बसने तिच्या गावी गेले. नक्कल बघितली. दिराच्या आक्षेपाला उत्तर लिहून दिलं, मुदत वाढवून मागितली. चूक कचेरीची होती हे त्यात स्वच्छ लिहिलं, मानाजीरावांनीच तसं लिहा म्हणून सांगितलं होतं. मी तिला म्हटलं, 'आजी, ते पत्र मी बिघडवलं.' तिला काही कळलं नाही. म्हणाली, 'तू कुणाची पोर? सावलीत बस, ताक घे.' आता पट्टा तिच्या नावावर व्हायला अडचण नाही, असं मानाजीराव म्हणतात.

अर्जाचं मी विचारलंच नव्हतं. तेच निघताना म्हणाले, 'साहेबांनी मला बोलावलं त्याच दिवशी सकाळी मी तुमचा अर्ज वर पाठवला. मेमो संध्याकाळी आला. उलट झालं असतं तर पाठवला असता की नाही, सांगता येत नाही. मीही माणूस आहे.' मग म्हणाले, 'कपाटात जुने मसुदे आहेत. जेवणाच्या सुट्टीत वाचत जा. एका ओळीलाही हात न लावता.'

रोज वाचते. पहिल्या दिवशी हात फार शिवशिवले, मामा. पेन्सिल ड्रॉवरमध्ये ठेवून त्याला कुलूप लावलं. तुमच्या बरोबर वाक्यांपैकी पहिल्या खेपेला मी बरीच मोडली, ते तुम्ही पाहिलंतच. दुसऱ्या खेपेला कमी. तिसऱ्या खेपेचे कागद सोबत आहेत. 'ठीक' लिहिताना अजून वाटतं की मी आळस करते आहे.

परीक्षा मद्रासला आहे. मी पहाटेच्या गाडीने एग्मोरला उतरेन. जयतीर्थ सोबत येतो म्हणाला होता. मी नको म्हटलं.

सरोजा


तंजावर
७ जानेवारी १९६३

मामा-मामींना नमस्कार.

सुखरूप पोचले. मामींनी बांधून दिलेला पुळियोदरै, चिंचेचा भात, विळ्ळुपुरम स्टेशनच्या आधीच संपला. समोरच्या बाईंनी अर्धा घेतला आणि करण्याची रीत मागितली. मी म्हटलं, मामींना विचारायला नुंगंबाक्कमला जा. पोंगलचं अम्मा कळवीलच.

तुम्ही मला परीक्षेचं एकदाही विचारलं नाहीत. मामींनी तुमच्या तोंडाला कुलूप घातलं होतं, ते मला ठाऊक आहे. पण मी पेपर देऊन बाहेर आले तेव्हा तुम्ही फाटकाजवळ छत्रीखाली उभे होतात आणि अनोळखी पोरांना थांबवून विचारत होतात, 'आठवं वाक्य काय केलंस रे?' म्हणून आता सांगते. वाक्यं वीस होती. सातांना मी हात लावला नाही. त्यांतल्या एकावर फार वेळ थांबले. पेन टेकलं होतं. मग मानाजीरावांनी ते लिहिलं असतं तर मी काय केलं असतं, असा विचार केला आणि पुढे गेले. ते बरोबर होतं की नाही, अजून ठाऊक नाही. पण मी ते वाचलं, मामा. आधी वाचलं, मग शोधलं. मागच्या वर्षी मी वाचलंच नव्हतं.

निबंध मात्र घाईत झाला. निकाल एप्रिलनंतर.

सरोजा


तंजावर
१८ मे १९६३

मामा-मामींना नमस्कार.

तार केली नाही, कारण तारेत अर्धीच बातमी मावली असती.

मी पास झाले. क्रमांक खाली आहे, पण यादीत आहे. मानाजीरावांनी सगळ्या कचेरीला जिलबी वाटली आणि माझ्या आधी स्वतःच दोन खाल्ल्या. नेमणूक कायम आहे. पण ती तंजावरला नाही, रामनाथपुरमला आहे. वरच्या क्रमांकांना जवळची गावं मिळाली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचं आहे. नाही झाले तर नाव कटतं, आणि पुन्हा बसायचं वय नाही.

अम्मा म्हणते, अनोळखी गावात एकटी मुलगी खोली घेऊन राहणार हे तिच्याने सहन होणार नाही. तिला येता येत नाही, कारण अप्पांना आता भिंत धरल्याशिवाय उठवत नाही. जयतीर्थाचं शेवटचं वर्ष आहे.  अप्पा दोन दिवस तिण्णैवर आले नाहीत. काल मला म्हणाले, 'तू म्हणशील तसं. पण मला विचारू नको, मी नको म्हणेन.'

मला जायचं आहे. हे लिहिताना पेन थांबत नाही, यावरून ते खरं असावं. पण घरातल्यांना असं ठेवून गेले तर तिथे बसून काम सुचेल का, ते कळत नाही. शेजारची अन्नम्माळ म्हणते, नोकरी काय, पुन्हा मिळेल. तिला काय सांगू?

या वेळी वाक्य पाठवू नका. तुम्हाला काय वाटतं तेवढं लिहा.

सरोजा


नुंगंबाक्कम, मद्रास
२२ मे १९६३

चि. सरोजेस आणि घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद.

सीतालक्ष्मी, हे पत्र तूही वाच, खोकत वाचलीस तरी चालेल. अप्पांनाही वाचून दाखवा. जयतीर्थ घरी असेल तर त्याला समोर बसवा.

सरोजे, तुझं पत्र दुपारी आलं, ते मामीला वाचून दाखवलं. मी चष्मा पुसत विचार करत होतो की काय लिहावं, कारण मला दोन्ही बाजू दिसत होत्या आणि दोन्ही बाजू दिसल्या की माझं पेन चालत नाही. मामी उठून वरच्या मजल्यावर जाऊन आली आणि आतल्या खोलीत गेली. ट्रंक ओढल्याचा आवाज आला. जाऊन पाहतो तर लुगडी काढून पलंगावर ठेवते आहे. म्हटलं, 'हे काय चाललंय?'

'रामनाथपुरम.'

'तुझी दाढ? तुझा संसार?'

'दाढ माझ्याबरोबर येईल. संसार तुम्ही बघा.'

म्हटलं, 'किती दिवस?'

'पोरीचा पाय तिथे रुजेपर्यंत. शेजारीपाजारी ओळखीचे होईपर्यंत. मग मला परत यावंसं वाटलं तर येईन.'

मी म्हटलं, 'आणि मी काय खाऊ?'

म्हणाली, 'विजयकुमाराची आई खानावळीसारखं डबे देते. विचारून ठेवलंय.' म्हणजे मला कळायच्या आत खालून वर, वरून खाली सगळं ठरलं होतं. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून ती एका रात्रीहून जास्त कुठे राहिलेली नाही. एकदा माहेरी गेली होती, दुसऱ्याच दिवशी परत आली, म्हणाली, तिथे झोप लागत नाही. ती आता समुद्राच्या तोंडाशी, माहीत नसलेल्या गावात जायला निघाली आहे आणि मला विचारत नाही, सांगते आहे.

तेव्हा सीतालक्ष्मी, एकटी मुलगी हे कारण आता उरलं नाही. अप्पांचं गाऱ्हाणं उरलं, ते मी समजू शकतो, कारण लवकरच माझंही तेच असणार आहे. अप्पा, आपण दोघे आपापल्या बैठकीवर बसून एकमेकांना पत्रं लिहू. मी तुमच्या गुडघ्याबद्दल विचारीन, तुम्ही माझ्या डब्याबद्दल विचारा.

सरोजे, अन्नम्माळला काय सांगायचं, ते मला सुचलं नाही. मामी म्हणते, काही सांगू नको, जाताना तिच्या हातचं कुंकू लावून घे.

आता कामाचं. तू तंजावरला तिच्या गाडीत बसतेस की मामीने आधी तंजावरला उतरावं? रामनाथपुरमचं पाणी खारं असतं असं ऐकतो, भांडं तांब्याचं आणावं की पितळेचं? खोली कचेरीजवळ मिळेल का, की आधी कुणा ओळखीच्याकडे उतरायचं? मानाजीरावांना विचार, तिथल्या कचेरीत त्यांचं कुणी असेल तर दोन ओळी लिहून देतील.

उलट टपाली लिही. ट्रंक पलंगावर उघडी आहे आणि मामी मला रात्री तिच्या शेजारी झोपायला जागा देत नाही. म्हणते, लुगडी चुरगळतील. मी बैठकीत चटई टाकली आहे. एवढीशी सवय आतापासून झालेली बरी.

तुझा
शेषगिरीमामा